चार हिरवे दिवे

हिरवाच आहे. टेबलाच्या कडेला ठेवलेल्या, बाळाचा आवाज वर ऐकवणाऱ्या मॉनिटरवरचा तो मसुराएवढा दिवा हिरवाच आहे, म्हणजे तीन मजले खाली, मागच्या आवारात, बाबागाडीत एबा झोपलेली आहे, श्वास घेते आहे, तिच्या तोंडावर पांघरूण आलेलं नाही, गाडीत मांजर शिरलेलं नाही – पण हिरवा म्हणजे फक्त आवाज नाही एवढंच, आणि आवाज नसण्याचं कारण काय एकच असतं?... स्टीनेनं दिव्याकडे पाहिलं, मग खिडकीतून खाली, पत्र्याच्या शेडखालच्या निळ्या गाडीकडे, मग पुन्हा दिव्याकडे. फेब्रुवारीतली सकाळ, उणे दोन. इथे सगळ्यांची मुलं हिवाळ्यातही गाडीत, बाहेरच झोपतात. ती स्वतः बाहेरच झोपून मोठी झाली, तिची आई, आईची आई. त्यांच्यातल्या कुणी दर चार मिनिटांनी खिडकीशी जाऊन उभं राहत होतं का? नाही. त्यांना कामं होती.

तुलाही आहेत, तिच्या डोक्यातला तो आवाज म्हणाला. बन बघ.

ओट्यावर आठ बन मांडलेले होते. फास्टेलावनच्या सणाचे बन, मध्ये घट्ट साय आणि वर चॉकलेटचा थर. पहाटे पाच वाजता तिनं स्वतः केलेले बन आता कचऱ्याच्या डब्यात होते, वर बटाट्याच्या साली, सालींवर कालचं वर्तमानपत्र, कारण दहाला येणाऱ्या बाकीच्या आयांपैकी पेर्निले कॉफीचा गाळ टाकायला झाकण उघडणार आणि बघणार. ते फुगलेच नव्हते. बुटाच्या तळव्यासारखे सपाट आणि तेवढेच चिवट. मग साडेसातला, नवरा, येप्पे, कामावर निघायच्या आधी, ती कोपऱ्यावरच्या बेकरीत धावत गेली, आठ बन घेऊन आली, खोका दुमडून येप्पेच्या दप्तरात कोंबला ("हे काय?" "ऑफिसात टाक." "स्टीने—" "टाक ना.") आणि मग ते ओळीत ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की ते फारच एकसारखे आहेत. घरात कुणाचा हात इतका सरळ चालत नाही. म्हणून तिनं अंगठ्यानं एकेका बनावरचा थर थोडा विस्कटला. इथे जरा ओघळवला, तिथे जरा दाबला.

फसवायलासुद्धा नीट येत नाही तुला. म्हैस कुठली.

तो आवाज कधी चढत नसे, हीच त्याची खुबी होती. चिडलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. हा सपाट बोलायचा, खिडकीवरच्या कारकुनासारखा, तुमचा अर्ज अपुरा आहे, पुढचे या. बाळंतपणाच्या आधीही तो होताच. शाळेत होता, कॉलेजात होता, तिथे तर त्याच्याच धाकानं तिला चांगले गुण मिळाले. पण तेव्हा तो मधूनमधून येऊन जायचा. एबा झाल्यापासून त्यानं बिऱ्हाडच मांडलं होतं.

उद्या गुरुवार. उद्या विबेके येणार.

विबेके ही नगरपालिकेची आरोग्यसेविका, पंचावन्नची, सायकलवरून येणारी, एबाला तागडीत घालून वजन करणारी, आणि वजनाचा आकडा लिहिता लिहिता मान वर न करता, "आणि तू कशी आहेस?" असं विचारणारी. तीन आठवड्यांपूर्वी तिनं दहा प्रश्नांचा कागद पुढे ठेवला होता. गेल्या सात दिवसांत उगाच स्वतःला दोष दिलास का? अशा अर्थाचा एक प्रश्न होता त्यात. उगाच? स्टीनेनं प्रामाणिकपणे विचार केला होता. उगाच एकदाही नाही. प्रत्येक वेळी कारण होतं. तिनं 'कधीच नाही'वर खूण केली. विबेकेनं कागद पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं, ओरबाडलेल्या नखांकडे पाहिलं, आणि कागद बाजूला ठेवून म्हणाली, "एक सांग. तू स्वतःशी जे बोलतेस, ते एखाद्या मैत्रिणीशी बोलशील?"

"नाही."

"मग मैत्रिणीला जे म्हणशील, ते स्वतःला म्हणून बघ. मोठ्यानं. मनातल्या मनात नको, मनातल्या मनात तू लबाडी करशील. गाडी ढकलत बाहेर जा आणि म्हण. मी पुन्हा येईन त्या गुरुवारी मला एक वाक्य सांग. स्वतःबद्दलचं एक बरं वाक्य. एकच. पण खरं हवं, उगाच साखर घातलेलं चालायचं नाही."

आणि नाही जमलं तर? हे स्टीनेनं विचारलं नव्हतं, पण विबेकेनं पिशवीत तागडी भरता भरता उत्तर दिलंच होतं: तर मग नगरपालिकेत मंगळवारचा एक गट असतो, मन जड झालेल्या आयांचा, तिथे तिचं नाव घालू, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजण्यासारखं काही नाही, असं माणसं कशाबद्दल म्हणतात ते तिला ठाऊक होतं. मंगळवारच्या गटात गेलेल्या बाईकडे बुधवारच्या गटातल्या, म्हणजे आज येणाऱ्या, बायका कशा बघतील – प्रेमानं, अर्थातच, डोकं एका बाजूला कलवून, प्रेमानं...

तीन आठवडे ती प्रयत्न करत होती. आवारात गाडीशी उभी राहायची, आधी गाडीतला मॉनिटर बंद करायची – हे ती एकदाही विसरली नव्हती, कारण त्याची जोडी वर टेबलावर, आणि येप्पे घरी असला तर त्याला ऐकू जाणार – आणि मग म्हणायची: मी चांगली आई आहे. वाक्य तोंडातून बाहेर पडे आणि थंडीत वाफेसारखं समोर लोंबकळत राही आणि तिला वाटे, दुसऱ्या कुणाची चप्पल घालून आपण चाललो आहोत, आणि जिची आहे ती मागून ओरडेल. मी पुरेशी आहे. कशाला पुरेशी? मी प्रयत्न करते. तो तर सगळेच करतात. नऊ वर्षांची असताना तिनं एकदा जेवायच्या आधी सांगितलं होतं, आई, वर्गात सगळ्यांत चांगलं पोहता मला येतं. किनाऱ्यावरचं ते गाव, वारा इतका की खिडक्यांच्या काचांवर मीठ साचायचं, आणि आई ओट्याशी बटाटे सोलत होती. तिनं मान वळवली नाही. सुरीही थांबली नाही. "कोण म्हणालं?" एवढंच. रागानं नव्हे, खरोखरच माहिती हवी असल्यासारखं. आणि स्टीनेला आठवेना कोण म्हणालं होतं. कुणीच म्हणालं नव्हतं. तिनं स्वतःच तलावाच्या कडेला उभं राहून मोजून पाहिलं होतं. आई वाईट नव्हती. आईनं तिला कधी हात लावला नाही. त्या घरात 'चालेल' हा शब्द कौतुकाचा होता, आणि तो नाताळच्या वेळी मिळायचा.

बेल वाजली.

"तुमच्या या जिन्यानं एक दिवस जीव जाणार आहे माझा," पेर्निले आत आली ती धापा टाकतच. "पोटात दुसरं असतं ना, तर दुसऱ्या मजल्यावरच झालं असतं." पेर्निले जाडजूड, लाल गालांची, बस चालवायची; बाळंतपणाच्या रजेत तिला चालवायला बस नव्हती म्हणून ती माणसांना चालवत होती. तिच्या मागून आन्या, जी बोलण्याआधी माफी मागायची. आणि सगळ्यांत शेवटी योहाने.

चौघींची मुलं एकाच पंधरवड्यातली. विबेकेनंच यादी करून हा गट जमवला होता. दर बुधवारी एकीच्या घरी, दहा ते एक, मुलं आवारात गाड्यांमध्ये, आया वर कॉफीला. आणायचं-करायचं काही नाही हं, विकतचं चालेल, असं पहिल्याच दिवशी सगळ्यांनी एकमेकींना बजावलं होतं, आणि पेर्निले सोडून कुणीही एकदाही विकतचं ठेवलं नव्हतं. योहानेच्या घरी तर वेलदोड्याचे वळे होते, गरम, आणि ती म्हणाली होती, "काही नाही गं, असंच."

योहाने उंच होती. तिचा कोट आणि तिचा चेहरा यांत कुठे सुरकुती नव्हती. इमारतींचे आराखडे करायचं तिचं काम, आणि बाळ झाल्यापासून सहा आठवड्यांत ती पुन्हा पळायला लागली होती. स्टीनेला ती आवडत होती का? आवडत होती, असं म्हणायला हवं. स्टीने दर बुधवारी तिच्या शेजारची खुर्ची धरायची – जखमेवरची खपली जशी पुन्हा पुन्हा बोटानं चाचपून बघावी, तशी.

चौघींनी आपापले मॉनिटर टेबलाच्या मध्यभागी ओळीत ठेवले. सगळे एकाच दुकानातले, एकसारखे, म्हणून प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर मुलाचं नाव. एबा, आक्सेल, विग्गो, लाउरा. चार हिरवे दिवे.

"झालं, विमानतळ सुरू," पेर्निले म्हणाली. "बघू या कुणाचं विमान आधी बोंबलतंय."

कॉफी ओतली. बन फिरले. योहानेनं आपला बन हातात घेऊन जरा फिरवून पाहिला.

"हे तू केलेस? सकाळी?"

"हो."

"कमाल आहे तुझी. मला तर सुचलंही नसतं."

"मी विकतचे आणते आणि खोकाही टेबलावरच ठेवते," पेर्निले तोंडात घास घेऊन म्हणाली. "बेकरीतली माणसंही जगली पाहिजेत की."

"माफ करा, पण साय कुठली आहे?" आन्यानं विचारलं.

साय कुठली. तुला माहीत तरी आहे का? "नेहमीचीच," स्टीने म्हणाली. कमाल आहे तुझी – हे योहाने का म्हणाली? लहान मुलानं चप्पल बरोबर घातली की जसं म्हणतात, तसं म्हणाली. तिला कळलं आहे. नाही, कसं कळेल? तुझ्या तोंडावर लिहिलेलं असतं सगळं. दुकानाच्या पाटीसारखं तोंड आहे तुझं...

मग झोपेची चर्चा निघाली. ती दर वेळी निघायची. लाउरा तीनदा उठते, विग्गो पाचदा, एबाबद्दल स्टीने म्हणाली, "कधी कधी," आणि योहाने कॉफीच्या कपाकडे बघत म्हणाली, "आक्सेल नऊ ते सहा झोपतो."

"तो मूल आहे की फर्निचर?" पेर्निलेनं विचारलं.

सगळ्या हसल्या. योहाने सर्वांत जास्त हसली, मान मागे टाकून, आणि तेवढ्यात ओळीतला दुसरा दिवा पिवळा झाला, मग लाल. आक्सेल. आधी एक खरखर, मग बारीक कुरकुर, मग रडं.

"बघा, फर्निचर बोललं," पेर्निले म्हणाली.

"मी बघून येते." योहाने उठली, कोट खांद्यावर टाकला, आणि तिची पावलं जिन्यावरून खाली खाली गेली.

स्टीने खिडकीशी गेली. एबाकडे बघायला. योहाने आवारात आली, शेडखाली शिरली, तिनं करड्या गाडीचं टप मागे सारलं आणि आत हात घातले. ती मॉनिटर बंद करील का? हा विचार स्टीनेच्या मनात आधी आला, काही ऐकू यायच्या आधी, हे नंतर तिला नाकारता आलं नाही. डाव्या कोपऱ्यात उशीशी असतो तो, छोटं बटण, मी तर आधी तेच दाबते. योहानेचा हात डाव्या कोपऱ्याकडे गेला नाही.

ती टेबलाशी परत येऊन बसली.

"श्श... श्श... झालं हं, झालं..." चिकटपट्टी लावलेल्या डबीतून योहानेचा आवाज आला, जवळून, जणू ती टेबलाखाली बसली होती. गाडी हलवल्याची करकर. रडं मुसमुशीवर आलं, मग थांबलं. दिवा पिवळा झाला, हिरवा होणार होता.

"मूर्ख," योहाने म्हणाली.

पेर्निलेचा हसरा चेहरा तसाच राहिला, त्यातलं हसू तेवढं गेलं.

"मूर्ख आहेस तू. चार बायकांत अर्धा तास धड बसता येत नाही तुला. काय दात काढत होतीस? नऊ ते सहा म्हणे. कुणी विचारलं होतं? खोटारडी. सगळ्यांना दिसतं ते, कळलं? हात बघ. हात बघ कसे कापतायत. पोराला हात लावायच्या लायकीची नाहीस तू."

सपाट आवाज. चढत नव्हता. तुमचा अर्ज अपुरा आहे, पुढचे या. स्टीनेनं तो इतक्या वेळा ऐकला होता की क्षणभर तिला वाटलं तो आपल्याच डोक्यातून बाहेर पडून टेबलावर येऊन बसला आहे.

"बंद कर गं ते," पेर्निले कुजबुजली आणि तिचा हात पुढे आला. आन्या बनावरच्या चॉकलेटकडे बघत होती. पण स्टीनेचा हात आधी पोचला. डबीच्या कडेला आवाजाची खाचेची चकती होती. तिनं अंगठा ठेवला.

आणि आवाज वाढवला.

चुकून नाही. इथे खोटं बोलून चालणार नाही. तिच्या पायांतून काहीतरी ऊबदार वर चढत होतं, गुडघ्यांतून, पोटातून, पाच महिन्यांत पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले होते, आणि तिला अजून हवं होतं. योहाने! योहानेसुद्धा! तिच्यासमोर आपण... आणि ती खाली पोराच्या गाडीत तोंड घालून... आणि मग ते वाक्य आलं. शोधावं लागलं नाही, जोर लावावा लागला नाही, ते आपल्याच पायांनी चालत आलं आणि तिच्या मापाचं होतं: हिच्यापेक्षा मी बरी. निदान मी बटण बंद करते. हिच्यापेक्षा मी खरंच बरी आहे. बरं वाक्य आणि खरं, साखर न घातलेलं. उद्या विबेकेला हेच सांगायचं, जरा शब्द बदलून—

"थांब," योहाने म्हणाली. आता चकती शेवटपर्यंत फिरलेली होती आणि तिचा श्वाससुद्धा फाटल्यासारखा येत होता. "थांब. असं नाही. विबेकेनं काय सांगितलं... चांगलं बोल. एक बरं वाक्य. खरं असलेलं." दूर कुठेतरी एक पाणपक्षी ओरडला, आधी डबीतून आणि मग, किंचित उशिरा, खिडकीतून. "निदान स्टीनेसारखी तरी नाहीस तू."

आन्यानं हातातला बन ताटलीत ठेवला.

"हो. तिच्यापेक्षा तर बरी आहेस. तिचं ते बिचारीसारखं तोंड. आणि ते बन. बेकरीतले बन आणून वर अंगठा दाबलाय बिचारीनं, ठसा दिसतोय बनावर. एवढं तरी तू करत नाहीस. तिच्यापेक्षा नक्कीच बरी आहेस तू. नक्कीच." एक लांब श्वास. टप ओढल्याचा आवाज. पावलं.

दिवा हिरवा झाला.

स्टीनेनं ताटलीतल्या उरलेल्या बनांकडे पाहिलं. तीन बनांवर ठसे होते. अंगठ्याच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या, वळणं वळणं, पोलिसांकडे देण्याइतकी स्वच्छ. त्या सकाळपासून तिथेच होत्या.

"स्टीने," पेर्निले म्हणाली, "अगं ती तसं काही मनापासून—"

"कॉफी घेणार अजून?"

"तू आवाज वाढवलास." पेर्निलेच्या बोलण्यात आरोप नव्हता. चुकीच्या थांब्यावर उतरलेल्या प्रवाशाला सांगावं तसं ती सांगत होती.

"चुकून."

"चुकून नाही वाढवलास तू."

"माफ करा," आन्या म्हणाली, "पण ती वर येते आहे."

योहाने आत आली. गाल गुलाबी, केस नीट, हातांवर हात चोळत. "झोपला परत. काय थंडी आहे बाई! ...काय झालं? सगळ्या गप्प का? माझ्याबद्दलच बोलत होता ना?" आणि हसली.

पेर्निलेनं रिकामा कप तोंडाला लावला. "बनांबद्दल," आन्या म्हणाली, आणि लगेच लाल झाली.

मग स्टीनेनं ताटली उचलली आणि योहानेपुढे धरली. ठसा असलेला बन तिच्या बाजूला येईल अशी फिरवून धरली. "अजून एक घे ना."

"नको गं, पोट भरलं."

"घे. माझ्यासाठी."

योहानेनं घेतला. स्टीने बघत राहिली. पहिला घास, दुसरा घास, वरच्या ओठाला लागलेली साय. मैत्रिणीला जे म्हणशील ते... हे बघ विबेके, मैत्रिणीशी मी अशी वागते. त्यापेक्षा स्वतःशी बरीच बरी वागत होते मी इतके दिवस, निदान तोंडावर बोलत होते. "छान झालेत," योहाने म्हणाली, घास गिळत. "खरंच छान झालेत," आणि तिनं शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला, कारण सगळ्या बघत होत्या.

एक वाजायच्या आधीच पेर्निलेला काहीतरी काम आठवलं, आणि आन्याला तिच्याबरोबर जायचं आठवलं. दारात पेर्निलेनं स्टीनेचा दंड धरला, घट्ट, जरा दुखेल इतका, आणि सोडला.

योहाने बूट घालत होती. मॉनिटर कोटाच्या खिशात टाकता टाकता तिचा अंगठा चकतीवर गेला असणार. ती थांबली. चकती तिनं डोळ्यांसमोर धरली. शेवटच्या खाचेत.

"हा इतका मोठा कुणी केला?"

म्हण, एबा खेळत होती. म्हण, पेर्निलेनं. एबा तर खाली झोपली होती. "मी," स्टीने म्हणाली.

जिन्यातला दिवा वेळ संपून विझला. दोघींपैकी कुणीही बटणाकडे हात नेला नाही.

"किती ऐकलंत?"

"सगळं."

"म्हणजे ते शेवटचं..."

"हो."

योहाने भिंतीला टेकली. तिच्या कोटाला आता पाठीवर चुना लागणार, हे स्टीनेच्या मनात आलं आणि तिनं सांगितलं नाही. योहाने म्हणाली, "मला रोज एक वाक्य म्हणायला सांगितलंय विबेकेनं. तीन आठवडे झाले. दुसरं कुठलंच वाक्य टिकत नाही."

"मलाही तिनंच सांगितलंय."

"तुलाही?" अंधारात योहाने हसली. हसू म्हणता येईल असं ते नव्हतं. नाकातून सुटलेली हवा. "मग तुझं काय आहे? वाक्य?"

स्टीनेला खोटं बोलता आलं असतं. दया दाखवता आली असती. "आज सकाळपर्यंत नव्हतं," ती म्हणाली. "मग तू खाली गेलीस. तुला ऐकताना सुचलं. तुझंच आहे ते, शब्दाला शब्द. फक्त नाव वेगळं."

योहानेला समजायला दोन श्वास लागले. मग ती सरळ उभी राहिली, तिनं खालच्या पायरीवर पाऊल टाकलं, आणि तिथून, मागे न बघता म्हणाली, "नऊ ते सहा झोपत नाही तो."

"माहीत आहे."

"पुढचा बुधवार माझ्याकडे." हे आमंत्रण होतं की दमदाटी, की नुसती यादी वाचणं, ते कळलं नाही. पावलं गेली. खाली दार लागलं. करड्या गाडीची चाकं खडीवरून गेली.

स्वयंपाकघरात एकच दिवा उरला होता, हिरवा. स्टीनेनं कप गोळा केले, मग ठेवून दिले. शाल घेतली आणि खाली गेली.

शेडमध्ये आता एकच गाडी होती. एबाच्या नाकाचं टोक थंड होतं, गाल गरम. झोपेत तिनं ओठ चोखले. डाव्या कोपऱ्यात उशीशी छोटी डबी, तिच्यावर तिचाही हिरवा ठिपका. स्टीनेचं बोट सवयीनं बटणावर गेलं. आणि तिथेच राहिलं. वर कोण आहे? कुणी नाही. तिनं बोट काढून घेतलं.

म्हैस कुठली, तो आवाज म्हणाला. सांगून टाकलंस तिला. एवढी एक माणूस होती जी तुझ्या शेजारी बसायची. दुष्ट आहेस तू, मूर्ख तर होतीसच—

पण तो आता नीट लागेना. तोच सपाट सूर, तीच खिडकी, तोच कारकून, पण 'मूर्ख' म्हणताना तो योहानेसारखा ऐकू आला, तिचा तो शब्दाच्या शेवटी किंचित उचललेला श्वास घेऊन. स्टीनेनं पुन्हा म्हणून पाहिलं. मूर्ख. पुन्हा योहाने. आणखी एकदा. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो फक्त मला ओळखतो म्हणून असं बोलतो, की त्याच्याकडे माझी फाइल आहे – आणि तो तर घरोघरी जात होता, विबेकेसारखा, सायकलवरून, तेच दहा प्रश्न घेऊन. तिला हायसं वाटायला हवं होतं. तिला एकटं वाटलं, भयंकर एकटं, बिऱ्हाडकरू निघून गेल्यावर खोलीत भिंतीवरचे खिळे तेवढे राहतात तसं.

तू वाईट आई आहेस, आवाज म्हणाला, आपल्या नेहमीच्या जागी परत येत. सगळ्यांना माहीत आहे.

तिनं गाडीचं पांघरूण सारखं केलं. हात कापत नव्हते. किंवा कापत होते आणि ती बघत नव्हती. आईसारखं, जणू ओट्याशी उभं राहून सुरी न थांबवता, मान न वळवता, रागानं नव्हे, खरोखरच माहिती हवी असल्यासारखं, तिनं मोठ्यानं विचारलं,

"कोण म्हणालं?"

एबा हलली, पण उठली नाही. तीन मजले वर, कुणी नसलेल्या स्वयंपाकघरात, दिवा पिवळा झाला असणार, आणि उरलेल्या बनांशेजारी तिचा प्रश्न तिच्याच आवाजात एकदा वाजून गेला असणार. स्टीने शेडखाली उभी राहिली, कान देऊन. उत्तर यायला अजून वेळ होता, किंवा ते येणारच नव्हतं. खडीवर योहानेच्या चाकांच्या दोन रेघा फाटकापर्यंत गेलेल्या दिसत होत्या, आणि तिला अजून थंडी वाजायला लागली नव्हती.